भिंतीआडचा टणटणाट

भिंगरीला बसता येत नसे. म्हणजे खुर्ची दिली तर ती बसायची, नाही असं नाही; पण त्या बसण्यात उठायचीच तयारी जास्त. बापानं लहानपणी तिला हे नाव ठेवलं ते काही उगीच नाही. आता केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी पायाची भिंगरी सुटायचं नाव नाही. त्या सकाळी ती नव्या कारखान्यातल्या काचेच्या खोलीभोवती इतक्या फेऱ्या मारत होती की झाडणारी बाई शेवटी वैतागून म्हणाली, "ताई, एक तर तुम्ही थांबा, नाहीतर हा झाडू तरी घ्या हातात."

काचेच्या खोलीत भिंगरीनं केलेल्या नव्याकोऱ्या गिटारी टांगल्या होत्या. प्रत्येकीच्या मानेच्या टोकावर पंख पसरलेला चंडोल. हा चंडोल म्हणजे भिंगरीच्या बापानं आणि काकानं मिळून काढलेला छाप. बाप गिटारी करायचा, काका बँजो करायचा. एके काळी चंडोलची गिटार हातात असली की वादक जरा ताठ चालायचा. मग दुकान बंद पडलं, बाप गेला, आणि चंडोल अडगळीत जाऊन पडला. आता इतक्या वर्षांनी एका हौशी बाईनं ते नाव विकत घेतलं, जुने साचे शोधून काढले, जुन्या लाकडाचा साठा मिळवला, आणि गावोगाव पियानो दुरुस्त करत फिरणाऱ्या भिंगरीलाही शोधून काढलं. "तुमच्या बाबांचा हात तुमच्या हातात आहे," ती म्हणाली होती. भिंगरी दुसऱ्या दिवशी सामान घेऊन हजर.

आता खरी गोष्ट सांगायची तर भिंगरी काही चंडोलच्या प्रेमापोटी आली नव्हती. तिला एका वाक्याचा सोक्षमोक्ष लावायचा होता.

बापाच्या शेवटच्या वर्षांत गिटारी मुक्या निघायला लागल्या. कामात कसूर नाही, जोड असा की नख शिरणार नाही, पण तार छेडली की आवाज पोटातच बसून राहायचा. बापानं सरस बदलला, लाकूड बदललं, पॉलिश बदललं, तारांखालची घोडी बारीक केली, जाड केली. काही उपयोग नाही. एक दिवस त्यानं एकाच फळीतून दोन जुळ्या गिटारी केल्या, दोघींच्या पोटावर भोकाशेजारी तोच काळसर पट्टा आला. तारा चढवल्या, एक छेडली, दुसरी छेडली. मग दोघींची तोंडं भिंतीकडे करून ठेवली, हात पुसले आणि म्हणाला, "हात गेला माझा." भिंगरी शेजारीच कानस घेऊन उभी होती. त्यानंतर त्यानं रंधा धरला नाही. माणूस जिवंत होता, जेवत होता, खिडकीत बसत होता. पण स्वतःचेच हात परक्याचे असल्यासारखे मांडीवर ठेवून बसायचा. तसाच गेला.

जुळ्यांपैकी एक भिंगरीनं उचलली आणि घर सोडलं. ती गिटार पेटीत घालून गावोगाव नेली. अधूनमधून पेटी उघडून छेडायची. मुकी ती मुकीच. दुसरीचं काय झालं कोण जाणे, गेली असेल भंगारात.

तेव्हा हा सगळा हिशेब होता. तोच हात भिंगरीला मिळालेला. तिच्या हातून गिटार बोलली, तर बापाचा हात शाबूत होता, दोष दुसऱ्याच कशाचा. नाही बोलली, तर तो म्हणाला तेच खरं.

आणि आदल्याच दिवशी म्हातारा वादक येऊन गेला होता. उद्घाटनाला वाजवणार तो हाच. त्याच्याकडे चंडोलची अगदी जुनी गिटार, भरभराटीच्या काळातली. त्यानं काचेच्या खोलीतली एक नवी उचलली, दोन-चार सूर घेतले, मान डोलावली, "छान आहे," म्हणाला, आणि गिटार अलगद जागेवर ठेवून दिली. मग मालकिणीला हळूच विचारलं, "त्या दिवशी मी माझीच आणली तर चालेल ना?"

छान आहे! शेजाऱ्याचं कुरूप पोर बघून म्हणतात तसं छान आहे. त्यापेक्षा तोंडावर शिवी दिली असती तर भिंगरीला बरं वाटलं असतं.

मालकीण आली तेव्हा भिंगरी अजून फिरतच होती. मागोमाग मापाड्या. हा मालकिणीचा भाचा. हाताशी सदैव मापाची यंत्रं, म्हणून भिंगरीनं त्याला हे नाव दिलेलं आणि त्यानंही ते गोड मानून घेतलेलं.

"ताई, मी परत तपासलं," मापाड्या म्हणाला. "जुन्या गिटारीची आणि आपल्या गिटारींची मापं तंतोतंत जुळतायत. लाकडाचं वजनही तेच."

"अरे, जुळतायत हेच तर रडगाणं आहे! चूक सापडली असती तर दुरुस्त केली असती."

"ताई, लोकांना एवढं कळत नाही हो," मालकीण समजुतीनं म्हणाली. "पाहुणे येतील, गिटारी सुंदर दिसतायत..."

"दिसतायत ना? मग भिंतीवर लावा खिळे ठोकून."

बाई मनाची चांगली होती, आणि भिंगरीला बोलल्यावर वाईटही वाटलं, पण तोंडातून गेलेला शब्द आणि रंध्यातून गेलेला ढलपा परत कुठे येतो? ती म्हणाली, "मी जरा जाऊन येते. तेव्हा काय वेगळं होतं हे सांगणारा एकच माणूस उरलाय."

"कोण?"

"काका."

हे नाव तिनं इतके दिवस काढलं नव्हतं. जुनी गिऱ्हाइकं, लाकूडवाला, सरसवाल्याचा मुलगा, सगळ्यांच्या दारात जाऊन आली. काका कारखान्याच्याच शहरात, पुलापलीकडे राहतो, तिकडे मात्र पाऊल वळलं नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण त्याला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे भिंत.

जुन्या दुकानात एकच लांबट खोली. एका बाजूला बापाचं बाक, दुसऱ्या बाजूला काकाचं. काकाच्या डोक्यावर छताला दोऱ्या बांधलेल्या, आणि तयार गिटारी तिथेच टांगायच्या, कारण बाकी सगळीकडे पसारा. खाली काका दिवसभर बँजोची कातडी ताणायचा, कड्यांचे हुक पान्यानं पिळायचा, बोटांनी टकटक करून बघायचा, मग तारा चढवून वाजवायचा. आणि वाजवायचा म्हणजे काय! बँजो आधीच तोंडाळ, त्यात काकाची बोटं लोहाराची. टणटणटणटण. बाप दर थोड्या वेळानं ओरडायचा, "बास आता!" काका म्हणायचा, "हो दादा," आणि पुन्हा सुरू. भिंगरीची तर झोपेतही ती टणटण थांबायची नाही. शेवटी एक दिवस बापाचा पारा चढला. शब्दानं शब्द वाढला, "तुझ्या या टिनपाट डब्यानं माझं डोकं फिरवलंय," असं बाप बोलून गेला, आणि काकाच्या वाद्याला डबा म्हणणं म्हणजे काकाच्या तोंडात मारण्यासारखंच. आठवड्याच्या आत बापानं मधोमध विटांची जाड भिंत घातली. काकाला वेगळं दार, बापाला वेगळं दार. गिटारी बापाच्या बाजूला आल्या. घरात आई म्हणाली होती, "सुंठीवाचून खोकला गेला." दोघे भाऊ पुन्हा बोलले नाहीत. बाप गेला तेव्हा काका आला, दारात उभा राहिला आणि परत गेला.

पुलापलीकडच्या त्या घराचं दार काकूनं उघडलं. क्षणभर बघत राहिली, मग भिंगरीच्या दंडाला धरून तिला जवळजवळ आत ओढलं.

"अगं बाई, भिंगरी! वाट चुकलीस का? आणि ही काय दशा, जेवतेस की नाही? बस. बस म्हटलं ना! बसणार नाहीस, मला माहितीय. काका आत आहे. मोठ्यानं बोल, आता काही म्हणता काही ऐकू येत नाही त्याला."

"कधीपासून?"

"कानांचं म्हणशील तर बरीच वर्षं झाली. माझं म्हणशील तर लग्नापासून." काकू हसली. "पण वाजवायचं सुटलंय का? रोज! शेजारी बदलून गेले, हा तसाच."

आतल्या खोलीत काका बाकापाशी बसला होता. वाळलेला, लहानखुरा झालेला. मांडीवर बँजो. भिंगरीला बघून त्यानं भुवया उंचावल्या, हसायचं की नाही ते ठरेना, मग म्हणाला, "दादाची पोरगी. अजून उभीच?"

भिंगरीनं त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं, चंडोल पुन्हा सुरू होतोय, मी गिटारी करतेय. काका तिच्या ओठांकडे बघत होता.

"आणि बँजो?" त्यानं विचारलं.

भिंगरी घुटमळली. बँजोला गिऱ्हाईक नाही म्हणून मालकिणीनं तो विचार सोडून दिला होता. तिनं मान हलवली.

"वाटलंच. दादानं भिंतीआड टाकलं, तुम्ही पाटीवरूनच पुसलंत." काकानं तोंड फिरवलं. "मग माझ्याकडे काय काम?"

"बाबांच्या गिटारी शेवटी मुक्या झाल्या. माझ्याही होतायत. आधी काय वेगळं होतं, काका? सरस? लाकूड?"

"मला काय विचारतेस? मी डबेवाला." आणि असं म्हणून त्यानं बँजो वाजवायला घेतला. चक्क! समोर पाहुणी उभी असताना. पाहुणीनं जावं म्हणूनच.

टणटणाट त्या लहानशा खोलीत असा उसळला की भिंगरीनं कानांवर हात ठेवले आणि वर छताकडे बघितलं, जसं लहानपणी बघायची. आणि वर दोरीला एक गिटार टांगलेली होती.

पोटावर, भोकाशेजारी, काळसर पट्टा.

भिंगरीनं कानांवरचे हात काढले. काकू दारातून म्हणाली, "ती होय? दुकान रिकामं करताना तुझ्या आईनं दिली. कुणी घेईना म्हणाली. हा घेऊन आला आणि तिथं टांगली. गिटारीची जागा तीच, म्हणाला. हात लावू देत नाही कुणाला."

भिंगरीनं विचारलं नाही. स्टुलावर चढली, गिटार उतरवली, धूळ पुसली. तारा गंजल्या होत्या, खुंट्या आखडल्या होत्या. तिनं जमेल तशा पिळल्या आणि अंगठा फिरवला.

आवाज बाहेर आला. भरलेला, मोकळा, खोलीच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला. म्हाताऱ्या वादकाच्या गिटारीचा होता तसा. नाही, त्याच्याही वर. गंजलेल्या तारांवर!

तिनं पुन्हा अंगठा फिरवला. पुन्हा तेच. हीच गिटार बापानं तिच्या डोळ्यांदेखत भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. तेव्हा ही मुकी होती. हिची जुळी बहीण तिकडे पेटीत अजून मुकी आहे. एक फळी, एक हात, एकच सरस. फरक काय? ती एकटी पेटीत पडून राहिली आणि ही रोज या माणसाच्या डोक्यावर लटकून टणटणाट खात राहिली. जुन्या दुकानातल्या सगळ्या गिटारी खायच्या तसा. भिंत घालेपर्यंत.

भिंगरी स्टुलावर तशीच उभी राहिली. तिला हसू येत होतं, आणि बापाचा असा काही संताप आला होता की तो समोर असता तर तिनं त्याला गदागदा हलवलं असतं. अहो बाबा, सरस बदललात, लाकूड बदललंत, जगातलं सगळं बदलून बघितलंत, पण ती एक भिंत नाही पाडलीत! हाताला दोष देत बसलात!

"बाबांचा हात गेला नव्हता," ती म्हणाली. मग ओरडली, "काका, बाबांचा हात गेला नव्हता!"

काका बघत होता. ओठ कळले असावेत, पण अर्थ लागत नव्हता. आणि दाखवायचं कसं? ज्याच्यामुळे गिटारीला आवाज फुटला त्याच्याच कानांना तो ऐकू येत नव्हता. भिंगरी खाली उतरली, थरथर तरी कळावी म्हणून गिटारीची कड काकाच्या हनुवटीखाली टेकवली, त्याचा तळहात पोटावर ठेवला आणि तार छेडली.

काका हलला नाही. तिनं पुन्हा छेडली. सूर विरेपर्यंत त्यानं हात काढला नाही. मग म्हणाला, "दादाचीच ही. आधीच्यांसारखी." आणि मग, "पण ही तर मुकी होती ना?"

भिंगरीनं वर दोरीकडे बोट दाखवलं, मग त्याच्या बँजोकडे, मग हवेत उभी भिंत काढून दाखवली. काकाला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो एकदम रागावला.

"मग मला सांगितलं का नाही त्यानं? मी भिंतीपलीकडेच होतो!"

"त्यांना माहीत नव्हतं."

"भिंतीला चिकटून वाजवायचो मी रोज. त्याला चिडवायला. मुद्दाम!" काकाचा आवाज फाटला. "तो एकदा जरी आला असता ना ओरडायला, बास आता म्हणायला, तरी..." काकू येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

कारखान्यात परत येऊन भिंगरीनं दोन्ही जुळ्या गिटारी मालकिणीच्या टेबलावर ठेवल्या, नव्या तारा चढवून. म्हातारा वादकही होता. त्यानं पेटीतली वाजवली आणि लगेच खाली ठेवली. मग दोरीवरची घेतली. वाजवतच राहिला, खाली ठेवायचं नाव नाही. मालकिणीनं विचारलं, "ही घ्याल उद्घाटनाला वाजवायला?" तर म्हणतो कसा, "उद्घाटन होवो न होवो, ही मी वाजवणार."

मापाड्यानं डोकं खाजवलं. "लाकूड जुनं झालं की आवाज सुधारतोच, ताई."

"दोन्ही एकाच वयाच्या आहेत, बाळा."

"एकीला जास्त हवा लागली असेल. एवढ्यावरून सिद्ध होत नाही."

"नसेल होत," भिंगरी म्हणाली. "पण मला ती काच काढून हवीय."

मालकिणीनं त्या काचेच्या खोलीवर जीव टाकला होता. जमिनीला आवाज खाणारं कापडसुद्धा लावून घेतलेलं. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे या गिटारी उद्घाटनाला विकायच्या नाहीत?"

"कच्च्या आहेत अजून. वर्षभर टांगू द्या. आणि खाली काकाचं बाक. पाटीवर बँजोही पाहिजे, नाहीतर तो यायचा नाही, आणि मीही राहणार नाही."

मालकिणीनं एकदा टेबलावरच्या त्या गिटारीकडे बघितलं, एकदा वादकाकडे. "घरचे म्हणतील बाई वेडी झाली," ती म्हणाली, आणि पाटी रंगवणाऱ्याला फोन लावला.

काका आला तेव्हा नवा कोट घालून आला, बाजूला काकू, काखेत बँजो. दारात थबकला, अगदी बाप गेला त्या दिवशी थबकला होता तसाच. भिंगरीला वाटलं, गेला हा परत. पण त्यानं वर बघितलं. छताला दोऱ्या, दोऱ्यांना गिटारी, आणि खाली त्याचं बाक. मग काकूकडे कोट देऊन तो सरळ आत आला आणि बाकावर बसला.

आणि सुरू झाला. अरे देवा! मालकिणीनं कानात कापूस घातला. मापाड्या आपली यंत्रं घेऊन अंगणात पळाला. झाडणारी बाई म्हणाली, "हे रोज असंच?" कुणी उत्तर दिलं नाही, कारण कुणाला ऐकूच गेलं नाही. टणटणटणटण. वरच्या गिटारी दोऱ्यांवर थरथरत होत्या. भिंगरीनं एकीच्या पोटाला बोट लावलं; लाकूड आतून हलत होतं.

ती जुन्या साच्यांबरोबर आलेल्या बापाच्या स्टुलावर जाऊन बसली. रंधा उचलला, पण हात चालेना. टणटणाट डोक्यात शिरला, कपाळ ठणकायला लागलं, आणि लहानपणापासून मुरलेली सवय, तिचं तोंड आपोआप उघडलं, बापाच्याच आवाजात, "बास..."

तिनं ओठ मिटले. काकाला काही ऐकू आलं नव्हतं, पण त्यानं तिचं तोंड उघडलेलं बघितलं होतं. बोटं थांबवून तो तिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं जे ऐकायला त्यानं भिंतीला पाठ लावली, ते त्याच्या बरोब्बर लक्षात आलं होतं. म्हातारा हसला, डोळे भरून आले, आणि जुन्या दुकानात द्यायचा तेच उत्तर त्यानं दिलं, "हो दादा."

आणि पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात. भिंगरी उठली नाही.